‘सारखं’ आलं की उपमाच का?

कांदाचाळ_निफाड
मुलगी दहावीला आहे. वर्गात स्वतःचं एक वाक्य लिहून त्यातला अलंकार ओळखायला सांगितलं होतं. तिने लिहिलं, “आभाळ आमच्या चाळीवर डूख धरल्यासारखं कोसळत होतं.” खाली लिहिलं: उत्प्रेक्षा. वही परत आली तेव्हा ‘सारखं’वर लाल गोल होता, बाजूला ‘उपमा’ लिहिलेलं आणि एक गुण गेलेला.

ते वाक्य तिने मनाने रचलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अवकाळी आला, कांदा साठवायच्या चाळीवरची ताडपत्री उडाली आणि भरलेला उन्हाळ कांदा भिजला. रात्रभर आम्ही तिघं घमेल्याने कांदा घरात ओढत होतो. गुणाचं तिला काही नाही. तिचा प्रश्न एकच: “आई, उपमा असेल तर यातलं उपमान कुठंय?” मी बारावीपर्यंत शिकलेय, पण मला सांगता आलं नाही. कोणी नीट सांगेल का?

क्लासवाला
परीक्षेपुरतं लक्षात ठेवा. सारखा, जसा, प्रमाणे, सम, परी आलं की उपमा. जणू, जणू काय, गमे, वाटे, भासे, की आलं की उत्प्रेक्षा. बहुतेक प्रश्न याने सुटतात.

निवृत्त_मराठी_शिक्षक
ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवतो. मी बत्तीस वर्षं दहावीला मराठी शिकवलं. पहिली काही वर्षं मीही हीच यादी पाठ करून घेत असे, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

उपमेत दोन वस्तू लागतात. ‘तिचे डोळे हरणासारखे टपोरे’ म्हटलं तर डोळे उपमेय, हरणाचे डोळे उपमान, टपोरेपणा हा दोघांतला समान धर्म आणि ‘सारखे’ हा साम्य दाखवणारा शब्द. आता तुमच्या घरचं वाक्य घ्या. आभाळ उपमेय धरलं, तर ते कशासारखं? डूख धरणाऱ्या नागासारखं, असं तिने म्हटलेलं नाही. तिच्या वाक्यात ‘सारखं’ नामाला लागलेलंच नाही, ते ‘डूख धरणं’ या क्रियेला लागलंय. पाऊस इतका का कोसळतोय, तर आभाळाच्या मनात वैर असावं, अशी तिने कल्पना केली. खरं कारण हवेचं, कल्पिलेलं कारण वैराचं. जे नाही ते ‘जणू आहे’ असं कल्पणं म्हणजे उत्प्रेक्षा, आणि त्यात कारणच कल्पून सांगितलं की तिला हेतूत्प्रेक्षा म्हणतात. तिचं उत्तर बरोबर आहे.

हा वाद तुमच्या मुलीपासून सुरू झालेला नाही. हजार वर्षांहून जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात एक ओळ घेतली आहे: “लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः”. अंधार जणू अंगांना लेप देतोय, आकाश जणू काजळ बरसवतंय. यातला ‘इव’ म्हणजे आपला ‘सारखं’ किंवा ‘जणू’. काही जण तो ‘इव’ पाहून हिला उपमा म्हणत. दंडी म्हणतो, नाही. ‘इव’ इथे क्रियापदाला लागलाय आणि क्रियापद काही उपमान होत नाही. ‘इव’ हा शब्द उत्प्रेक्षाही दाखवतो, असं तो स्पष्ट सांगतो.

हाच श्लोक शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात आहे, आणि तिथे त्याची पुढची ओळ सांगते की दुर्जनाची सेवा व्हावी तशी नजर वाया गेली. तिथेही ‘इव’च, पण तो ‘सेवा’ या नामाला लागलाय, म्हणून ती उपमा. एका श्लोकात एकच शब्द तीनदा आला आणि दोन अलंकार घडवून गेला. वर्गात हा श्लोक फळ्यावर लिहिला की शब्दांच्या यादीवर विसंबणारी मुलं पुन्हा वाक्याकडे बघायला लागत.

वाचक_सोलापूर
पण सर, आभाळाने डूख धरला म्हणजे निर्जीवाला सजीव केलं. मग चेतनगुणोक्ती का नाही?

निवृत्त_मराठी_शिक्षक
चांगली शंका. ‘सारखं’ काढून बघा: “आभाळाने आमच्या चाळीवर डूख धरला.” आता कल्पना राहिली नाही, थेट विधान झालं. ही चेतनगुणोक्ती. मूळ वाक्यात तिची छटा आहेच, पण ‘असावं’ असा आडपडदा असल्यामुळे उत्प्रेक्षा वरचढ ठरते. लिहिणाऱ्याला हा फरक कामाचा आहे. ‘डूख धरल्यासारखं’ म्हणणारी मुलगी अजून थोडी लांबून बघतेय. ‘डूख धरला’ म्हणणारीची खात्री झालेली असते.

@क्लासवाला, यादी सुरुवातीला चालते. मात्र ‘सारखा’ नामानंतर आलाय की ‘धरल्या’, ‘केल्या’, ‘रडल्या’ अशा रूपानंतर, एवढं बघायची सवय मुलांना जरूर लावा.

कांदाचाळ_निफाड
सर, दोघींनी मिळून वाचलं. ती वही घेऊन बाईंकडे जाणार आहे, गुणासाठी नाही, तो श्लोक दाखवायला. आणि वाक्य तिने बदललं. आता वहीत आहे: “त्या रात्री आभाळाने आमच्या चाळीवर डूख धरला.” मी विचारलं, ‘सारखं’ का काढलंस? म्हणाली, “आई, कांदा उचलताना मला ‘सारखं’ वाटत नव्हतं.”