बाळ लहान असताना वाचन आणि विणकाम-भरतकाम कसं जमवायचं?

नवी_आई_राजारामपुरी

बाळ दोन महिन्यांचं होत आलंय आणि मी सध्या माहेरी, कोल्हापुरातच आहे. बाळ दर दोन तासांनी प्यायला उठतं. अर्धवट राहिलेला फुलीच्या टाक्याचा रुमाल आणि क्रोशाची लोकर कपाटात तशीच पडून आहे. पुस्तकाचं पान उघडलं की रडणं सुरू. घरात वडीलधाऱ्यांचं म्हणणं, बाळंतिणीने डोळ्यांना ताण द्यायचा नाही, सुई तर धरायचीच नाही. हे कितपत खरं? मिळतो तो वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत असतो, त्यात नेमकं काय करता येईल? क्रोशा धरला की उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, त्याचंही कोणी सांगा. "आता हे सगळं विसर, पाच वर्षांनी बघ" असं मात्र नको.

धावदोरा

ताई, विसरायचं अजिबात कारण नाही. फक्त हातातलं काम बदला. जे काम कोणत्याही क्षणी खाली ठेवता येतं आणि उचलल्यावर "कुठे होते मी?" असं शोधावं लागत नाही, तेच या दिवसांत टिकतं.

फुलीचा टाका इथे नडतो, कारण तो मोजणीचा आहे. 14 काउंटच्या कापडावर एका इंचात 14 घरं. बाळ रडलं, तुम्ही उठलात, परत येऊन एक घर चुकलं की पुढची सगळी ओळ सरकते, आणि ते कळतं दहा ओळींनंतर. रुमाल पूर्ण करायचाच असेल तर कापडावर धुतल्यावर जाणाऱ्या पेनाने दर 10 घरांवर उभ्या-आडव्या रेघा मारून घ्या. नक्षीची झेरॉक्स काढा आणि झालेली घरं लगेच रंगवत जा. पण खरं सांगायचं तर सध्या तो बाजूलाच ठेवा.

दोन सुयांवरचं विणकामही घाईत ठेवलं की टाके सुईवरून निसटतात. क्रोशात सुटा असतो तो एकच फास. तो थोडा मोठा ओढून त्यात टाका अडकवायची बंद होणारी पिन घातली की काम उसवत नाही.

सगळ्यात सोयीचा मात्र साधा धावदोरा. आपल्याकडे वाकळ, म्हणजे गोधडी, ज्या टाक्याने शिवतात तोच. त्याने बाळासाठी दुपटं शिवा. जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या. साडेपाच मीटरच्या साडीतून 90 सेंमीचे सहा तुकडे निघतात, पण प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरून बघा, कारण बसण्याच्या भागातलं कापड विरलेलं असतं. ते सोडून बहुतेक वेळा चार चांगले तुकडे मिळतात, म्हणजे दोन पदरी दोन दुपटी. जरीचे काठ कापून टाका, जर टोचते. कापड आधी गरम पाण्यात धुवून वाळवा.

दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवा, 15 सेंमी जागा उघडी सोडा, तिथून पालथं करून ती जागा बंद करा. मग मधोमध सुरू करून बाहेरच्या दिशेने 10-12 सेंमी अंतरावर कच्चे टाके घाला. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा राहतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. टाचण्या वापरू नका, एखादी आत राहिली तर बाळाच्या अंगाला लागेल. नंतर 3 सेंमी अंतराने धावदोऱ्याच्या ओळी, टाका 4-5 मिलिमीटरचा. त्याहून लांब टाक्यात बाळाची बोटं अडकतात. दोरा सुतीच घ्या, नायलॉनचा दोरा जुन्या कापडाला चिरतो. दर चार-पाच टाक्यांनी कापड हाताने सपाट करा, दोरा ताणून ओढला की चुण्या पडतात. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवा. 90 सेंमीच्या दुपट्याला साधारण 30 ओळी होतात आणि सरावलेल्या हाताला एक ओळ दहा-पंधरा मिनिटांत उरकते. तुमच्या वेळेच्या तुकड्यात बरोबर बसते.

सुईत दोरा ओवण्यात वेळ घालवू नका. कोणी बाळ घेऊन बसलं असेल तेव्हा पाच सुया ओवून ठेवा. दोरा अर्ध्या मीटरच्या आसपासच कापा, लांब घेतला की गुंता होतो.

आता सुयांचं. डब्यात पाचच सुया ठेवायच्या आणि उठताना मोजायच्या. गाऊनला, उशीला किंवा गादीला सुई टोचून ठेवायची सवय अनेकींना असते, ती आजपासून बंद. डबा झाकणाचा, कात्री त्याच डब्यात. बाळ मांडीवर असताना सुईही नको आणि क्रोशाही नको. सुई हरवली तर ती सापडेपर्यंत बाळाला त्या गादीवर ठेवायचं नाही. लोहचुंबक फिरवलं की बहुतेक सुया लागतात, पण छोटी ताकदवान चुंबकं नंतर घरात इकडेतिकडे पडू देऊ नका. रांगतं मूल ती गिळतं आणि पोटात ती फार घातक ठरतात.

पान_उलटा

वाचनाबद्दल लिहितो. दोन महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा तरी पितं. तो वेळ वाचनाचा होऊ शकतो. फक्त पहिली पाच मिनिटं पुस्तकाला हात लावू नका, बाळाने नीट धरलंय का, गिळतंय का हे बघायला दोन्ही हात आणि डोळे लागतात. ते लयीत आलं की मग वाचा. पुस्तक बाळाच्या तोंडाआड येता कामा नये.

जाड ग्रंथ एका हाताने पेलत नाही. दीडशे-दोनशे पानांचं साधं बांधणीचं पुस्तक घ्या. महाद्वार रोडला पूजासाहित्याच्या दुकानांत पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड मिळतो, तो शेजारच्या स्टुलावर ठेवा. पानं मिटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावा.

काय वाचायचं? कथासंग्रह, ललित लेख, जुने दिवाळी अंक. एका बैठकीत एक लेख संपतो. अपुऱ्या झोपेत चाळीस पात्रांची कादंबरी डोक्यात राहत नाही. कादंबरीच हवी असेल तर आधी वाचलेली, आवडती पुन्हा काढा. नवी घेतलीत तर खुणेच्या कागदावर पात्रांची नावं आणि नाती लिहून ठेवा, आणि थांबलेल्या परिच्छेदापाशी पेन्सिलीने बारीक खूण करा. पुस्तकांसाठी स्वतः जायला नको. भवानी मंडपाजवळचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं आहे. तिथलं किंवा जवळच्या कुठल्याही वाचनालयाचं सभासदत्व घ्या आणि घरातल्या कुणाच्या हाती सात-आठ नावांची यादी द्या. एकच नाव दिलं तर माणूस हमखास रिकाम्या हाताने परत येतो.

रात्री मोठा दिवा लावला की बाळ पूर्ण जागं होतं. तेव्हा ई-वाचक बरा. किंडलवर मराठी पुस्तकं आहेत. विकत घेताना ते खरं ई-पुस्तक आहे ना बघा. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचवत नाही, कारण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. फोनवर वाचायचं तर काळी पार्श्वभूमी आणि उजेड कमीत कमी. आणि हे महत्त्वाचं: सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डुलकी लागणं धोक्याचं असतं, बाळ फटीत घसरून गुदमरू शकतं. डोळे जड झाले की ओळ अर्धी सोडा आणि बाळाला त्याच्या जागी पाठीवर झोपवा.

हातात काम असेल तेव्हा ऐका. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या ॲपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत. आधी डाउनलोड करून ठेवा. इअरफोन एकाच कानात, आवाज इतकाच की बाळाची कुरकुर दुसऱ्या कानाला ऐकू यावी. मोठ्याने वाचलंत तर आणखी छान. बाळाला शब्द नाही, आईचा आवाज हवा असतो, तेव्हा तुमच्या आवडीचं काहीही चालेल.

सांधा_दुखी

अंगठ्याचं आधी बघा. मूठ अंगठा आत ठेवून वळा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर बहुधा डी क्वेर्व्हेनचा त्रास आहे. अंगठा हलवणारे स्नायुबंध मनगटाशी एका अरुंद वेष्टनातून जातात, तिथे सूज येऊन ते घासतात. नव्या आयांमध्ये हे फार आढळतं, कारण बाळाला काखेत धरून, अंगठा ताठ बाहेर काढून दिवसभर उचललं जातं. क्रोशा मूळ कारण नसतो, पण दुखणं वाढवतो.

उचलायची पद्धत बदला: तळवे वर, एक हात ढुंगणाखाली, दुसरा मान-खांद्याखाली, अंगठा बोटांना चिकटलेला. पाजताना बाळाचं वजन मनगटावर नको, उशी इतकी उंच करा की बाळ आपोआप छातीपाशी येईल. अंगठ्यासकट आधार देणारा पट्टा मिळतो. नुसता मनगटाचा घेऊ नका, त्यात अंगठा मोकळाच राहतो. दुखणं थांबेपर्यंत क्रोशा बंद, धावदोराही थोडाच. पुन्हा सुरू कराल तेव्हा जाड दांड्याची सुई घ्या आणि पंधरा मिनिटांनी हात सोडा. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, यावर चांगले उपचार आहेत.

डोळ्यांबद्दल घरच्यांच्या सांगण्यामागे माया आहे, पण वाचल्याने किंवा शिवल्याने नजर कायमची जात नाही. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, त्याने बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा आकार जरासा बदलतो आणि धूसर दिसू शकतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं, म्हणून चष्म्याचा नवा नंबर काढायची घाई करू नका. डोळे कोरडे पडणं, चुरचुरणं हे जागरणाचं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघा, उजेड डाव्या खांद्यावरून घ्या. मात्र बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत अचानक अंधूक दिसलं, डोळ्यांपुढे चमकलं, सोबत जोराची डोकेदुखी असेल तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक. वेळ मिळूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, आवडीचं कामही नकोसं वाटत असेल, तर तो आळस समजू नका. बाईंना, म्हणजे तुमच्या डॉक्टरांना, स्पष्ट सांगा.

नवी_आई_राजारामपुरी

मूठ वळून बघितली, कळ येते. पट्टा आणते. हात बरा झाल्यावर चौकोन जोडून क्रोशाचं ब्लँकेट करायचा विचार आहे. लोकर किती लागेल? आणि दिवसातली नेमकी कुठली वेळ धरू?

कपिलतीर्थ_काकू

अगं, सकाळी तेल लावून, अंघोळ घालून, शेक दिला की बाळ जी झोप काढतं ती दिवसातली लांब झोप. पण त्या वेळी तू झोपायचंस. ही झोप वाचनाला दिलीस तर संध्याकाळी तुझंच डोकं धरतं. दुपारची दुसरी झोप तुझ्या छंदाची. आणि संध्याकाळी बाळाला पाजून त्याच्या बाबांकडे किंवा आजोबांकडे द्यायचं, ठरलेला अर्धा तास. "जमलं तर घ्या" म्हणालीस तर लई दिवस जमत नाही. वेळ सांगून टाक.

लोकरीचं: 15 सेंमीचे 25 चौकोन, पाच बाय पाच, म्हणजे 75 सेंमीचं ब्लँकेट. मध्यम जाडीची लोकर, 4 मिलिमीटरची सुई, साधारण 325 ते 350 ग्रॅम. सगळे गोळे एकदम घे आणि लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे ना बघ, नाहीतर जोडल्यावर रंग वेगळा दिसतो. चौकोनाची दोरी टोकाशी 8-10 सेंमी सोडून सुईने टाक्यांत आतबाहेर घालून लपव, आणि प्रत्येक चौकोन झाला की तेव्हाच. पंचवीस चौकोनांची पन्नास टोकं शेवटी साठली की ब्लँकेट तिथेच अडतं.

धावदोरा

काकूंचा हिशेब बरोबर, फक्त चौकोनाची जाळी मोकळी नको. बाळाची बोटं भोकांत अडकतात. मुक्या खांबांचे किंवा अर्ध्या खांबांचे (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका, हे दोन त्यातले आखूड) भरीव चौकोन कर, मग लोकर शंभरेक ग्रॅम जास्त धर. भरीव चौकोन तिरका होतो तो ओळीचा पहिला किंवा शेवटचा खांब सुटल्यामुळे. त्या दोन खांबांत वेगळ्या रंगाचा दोरा अडकव, चूक त्याच ओळीत दिसते.

ब्लँकेट कितीही सुंदर झालं तरी पहिलं वर्षभर झोपेत बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, तोंडावर सरकतं. जागेपणी खाली अंथरायला वापर. हातमोजे-पायमोजे विणलेस तर आतली बाजू उलटून सुटे धागे कापून टाक. एखादा धागा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं, आणि मोज्याच्या आत ते दिसतही नाही. बाळ उगाचच रडत असेल तर मोजे काढून बोटं बघायची. बटणांऐवजी बंद लाव, तेही आखूड.

नवी_आई_राजारामपुरी

पावसाळ्यात लोकरीला कुबट वास येतो. डांबरगोळ्या टाकून ठेवू का?

सांधा_दुखी

बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, लोकरीत डांबरगोळ्या नकोत. त्यातलं नॅप्थलीन काही बाळांच्या तांबड्या पेशी फोडतं आणि जोराची कावीळ होते. हे घडतं ते जी-6-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं विकर, म्हणजे एन्झाइम) कमी असलेल्या बाळांत, आणि तपासणी केल्याशिवाय ते कळत नाही. याआधी गोळ्या टाकलेल्या कपाटातली लोकर असेल तर ती धुवून, उन्हात वास पूर्ण जाईपर्यंत वाळवून मगच घ्या.

कपिलतीर्थ_काकू

वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेव. लोकर पूर्ण कोरडी असल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची नाही, कुबट वास त्यानेच येतो. सुती पिशवी घे आणि ऊन पडेल त्या दिवशी दोन तास बाहेर काढ. सुया दमट हवेत गंजतात, गंजलेली सुई कापडावर डाग पाडते, तेव्हा त्या कोरड्या कापडाने पुसूनच डब्यात ठेव.