फॅन्शॉ लिहायचं की फेदरस्टनहॉ? एका आडनावापाशी अडलेय

शाईदौत

मंडळी, एका आडनावापाशी चार दिवस अडून बसलेय. इंग्लंडमधल्या जुन्या घराण्यांवरचा एक लेख मराठीत करतेय, एका मासिकासाठी. त्यात नॉर्थम्बरलंडचं एक घराणं आहे. त्यांचं आडनाव रोमन लिपीत लिहायला सतरा अक्षरं लागतात. देवनागरीत अक्षराला अक्षर लावत गेलं तर ‘फेदरस्टोनहॉघ’ असं काहीतरी होतं. पण त्या घराण्यातले बरेच लोक ते ‘फॅन्शॉ’ असं म्हणतात. मी ‘फॅन्शॉ’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘फेदरस्टनहॉफ’ केलं. त्यांचं म्हणणं असं की वाचकाला नकाशात गाव शोधावंसं वाटलं तर माझ्या रूपावरून काहीच सापडणार नाही.

एवढंच असतं तर मी वाद घातला असता. पण त्याच लेखात सर रिचर्ड फॅन्शॉही येतात, तेच ज्यांनी कामोइंश या पोर्तुगीज कवीचं वास्को द गामावरचं महाकाव्य १६५५ साली इंग्रजीत आणलं. (हा कवी गोव्यात राहिलेला, म्हणून हा परिच्छेद मला गाळायचा नाही.) त्यांचं आडनाव मुळातच फॅन्शॉ, घराणं डर्बीशायरचं. दोन घराण्यांचा काही संबंध नाही, आणि माझ्या मराठी लेखात मात्र दोघं भाऊबंद वाटतात. काय करू?

पाटीपेन्सिल

ताई, उच्चारच लिहा. देवनागरीचं बळ कानात आहे. लिपी ध्वनीची आहे तर ती इंग्रजी स्पेलिंगच्या मागे का फरफटत न्यायची?

रोजच्या बघण्यातला पुरावा देतो, हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन. लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव इंग्रजीत आर-ई-ए-वाय असं लिहितात. अक्षरं बघून लिहिलं असतं तर ‘रिए रोड’ झालं असतं. मुंबईकराने कानाने ऐकलं, ‘रे’ लिहिलं, आणि ते बरोबर निघालं. एल्फिन्स्टनचंही तेच. इंग्रजीत शेवटी ‘स्टोन’ दिसतं, आपण पहिल्यापासून ‘स्टन’ म्हणत आलो.

गावठाण

पाटीपेन्सिल, देवनागरी ध्वनीची लिपी आहे हे वाक्य मी शाळेपासून ऐकतोय आणि ते मला कधीच पटलेलं नाही. जाधव आणि जोशी ही दोन आडनावं मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे ‘ज’ एकच लिहितो, उच्चार दोन. चाफेकर आणि चितळे यांचंही तसंच. परक्या माणसाने नुसतं अक्षर बघून जाधव म्हटलं की ते चुकीचं आहे हे आपल्याला लगेच कळतं, पण लिपी त्याला काहीही सांगत नाही. मग इंग्रजांना का हसायचं?

पाटीपेन्सिल

हसलो नाही हो. आपल्या लिपीत एक भोक आहे म्हणून सगळं धान्य सांडू द्यावं, असं नसतं एवढंच म्हणतोय. ‘ज’खाली नुक्ता द्यायची सोय आहेच. कोणी वापरत नाही हा आळस.

मुळाक्षर

नुक्त्यावर नंतर बोलू, आधी आडनाव सोडवू या. शाईदौतताई, लेखात याचा अर्थ दिलाय का? नसेल तर जरूर घाला, कारण वरवर बघणारा हमखास फसतो. ‘फेदर’ म्हणजे पीस नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘फेदर’ सारखा एक पूर्वपद म्हणून येणारा शब्द होता, त्याचा अर्थ चार. फेदर-स्टान म्हणजे चार दगड, उभे रोवलेले तीन आणि त्यावर आडवा एक, अशी प्राचीन रचना. यॉर्कशायरमध्ये आणि स्टॅफर्डशायरमध्येही फेदरस्टोन नावाची गावं आहेत, त्यांचाही अर्थ हाच.

आणि शेवटचं ‘हॉ’ म्हणजे नदीच्या वळणातली सपाट, गाळाची जमीन. हे गाव हॉल्टविसलजवळ साउथ टाइन नदीच्या काठी आहे. आज त्याला नुसतं फेदरस्टोन म्हणतात, तिथे त्याच नावाचा किल्लाही आहे. म्हणजे गावाने शेपूट टाकून दिलं आणि आडनावाने ते जपून ठेवलं.

उलट डर्बीशायरच्या फॅन्शॉमधलं ‘शॉ’ म्हणजे झाडांची राई. एक थडीचा, म्हणजे नदीकाठचा, आणि एक राईचा, पण कानाला दोघे सारखेच. ताईंची अडचण खरी आहे.

पैलतीर

मी न्यूकॅसलला अकरा वर्षं राहतेय म्हणून लिहिते. मुळाक्षर, तुम्ही ‘थडी’ म्हटलंत ना, मला अगदी भरून आलं, कारण मी ती जागा पाहिलीय.

आमचं माहेरचं आडनाव वाघ. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात दवाखान्यात मला ‘मिसेस वॅग’ अशी हाक मारली गेली. मी उठलेच नाही. तीनदा हाक मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तेव्हा फार लागलं होतं. बाबांचं नाव कोणीतरी मोडून ठेवलंय असं वाटलं. पुढे कामावरच्या एका वयस्क बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे तर शेवटची ‘जी-एच’ ही दोन व्यंजनं कधी गप्प बसतात, कधी ‘फ’ होतात, कधी स्कॉटलंडात ‘ख’ होतात, तुझ्या वाघाची काय कथा!

त्यांच्याचबरोबर एका रविवारी साउथ टाइनच्या काठी गेले. बाईंनी एक तुकडा दाखवला. नदी तिथे वळते. वळणाच्या आत टेबलासारखी सपाट, गर्द हिरवी जमीन, तिच्यावर मेंढ्या, आणि कुंपणाच्या तारांना गेल्या पुरात अडकलेलं वाळकं गवत माझ्या कमरेइतक्या उंचीवर लटकलेलं. ‘हे हाफ’, त्या म्हणाल्या. हॉ नाही, हाफ. नॉर्थम्बरलंडच्या जुन्या बोलीत तो शब्द असाच म्हणतात. तेव्हा शाईदौतताई, तुमच्या संपादकांचं ‘हॉफ’ वाटतं तितकं चुकीचं नाही.

शाईदौत

पैलतीर, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. मी त्यांना चूक ठरवून मोकळी झाले होते! पण त्या घराण्यातले लोक स्वतःला हाफ म्हणत नाहीत ना? जमिनीचा उच्चार एक आणि माणसांचा दुसरा, असंच ना?

मुळाक्षर

हो. आणि माणसांतही एकवाक्यता नाही. काही शाखा पूर्ण उच्चार करतात, बऱ्याच जणी ‘फॅन्शॉ’वर येतात. बोलताना पहिल्या अक्षरावर जोर पडतो, मधली अक्षरं घासून जातात. ‘स’ आणि ‘ह’ शेजारी येऊन ‘श’सारखे वाचले गेले असावेत हा माझा तर्क. लिखाण मात्र दस्तऐवजात गोठलेलं. चेशायरच्या एका घराण्याचं लिहायचं चोल्मोंडेली, म्हणायचं चमली, तसलाच प्रकार.

कागदपत्री

याच्या जोडीला स्कॉटलंडची एक गोष्ट घाला, मला फार आवडते. तिथे ‘मिंगिस’ म्हणून आडनाव आहे, लिहितात मात्र मेंझीज. कारण जुन्या स्कॉट लिखाणात ‘य’च्या जवळचा एक वेगळा वर्ण होता. छापखान्यात त्याचा खिळा नसायचा, म्हणून दिसायला जवळचा झेड लावत. तिथून वाचणाऱ्यांनी झेड म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडे मोडीतून बाळबोधीत आणताना किती गावांची आणि आडनावांची अशी गत झाली असेल, याचा कोणी नीट अभ्यास करायला हवा.

गावठाण

आडनाव पसरण्याबद्दल विचारतो. आपल्याकडे ‘कर’ लागतो तो माणूस गाव सोडून गेल्यावर. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? या लोकांचं कसं?

मुळाक्षर

हे गावचे मालकच, त्यामुळे घर न सोडताही गावाचं नाव लागलं. देशमुखी वतनदारासारखं समजा. नंतर पांगले. एक शाखा डोंगर ओलांडून कंबरलंडात कर्कोस्वाल्डला गेली. त्यातले सर टिमथी राजाच्या बाजूने लढले आणि १६५१ साली चेस्टरला त्यांचा शिरच्छेद झाला. एक आयर्लंडमध्ये गेली. तिथे शेपूट पुन्हा गळून नुसतं ‘फेदरस्टन’ उरलं.

दक्षिणेतली शाखा सगळ्यात गाजलेली. सर मॅथ्यू यांना एका दूरच्या नातेवाईकाची मोठी इस्टेट मिळाली आणि त्यांनी १७४७ साली ससेक्समध्ये अप्पार्क नावाचा वाडा घेतला. म्हणजे आडनाव इंग्लंडच्या वरच्या टोकाला जन्मलं आणि सगळ्यात जास्त माहीत झालं ते खालच्या टोकाला.

पण पुढचं ऐका. त्यांचा मुलगा सर हॅरी. सत्तरीत, १८२५ साली, त्याने आपल्याच डेअरीत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या तरुण मुलीशी लग्न केलं. मूल नाही. तो १८४६ मध्ये गेला, सगळं तिच्या नावावर ठेवून. ती १८७४ मध्ये गेली, वाडा बहिणीला, फ्रान्सिसला मिळाला. फ्रान्सिसने बुलक सोडून हे लांबलचक आडनाव घेतलं. तिच्यानंतर वाडा ज्यांना मिळाला, त्यांचा रक्ताचा संबंध नव्हता, पण त्यांनीही ते आपल्या आडनावाला जोडलं. वाड्याला १९८९ साली आग लागली, तेव्हाही या आडनावाची माणसं तिथे राहत होती.

कागदपत्री

म्हणजे दत्तकविधानच झालं की! आपल्याकडे दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं, वतन टिकतं. आडनावांचे नकाशे काढणारे बहुधा १८८१ ची ब्रिटिश खानेसुमारी धरून ठिपके मांडतात. ससेक्सच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवून कोणी ‘इथे नॉर्थम्बरलंडचं रक्त आहे’ म्हटलं तर साफ चुकेल. तो ठिपका डेअरीत काम करणाऱ्या मुलीच्या बहिणीचा आहे.

पाटीपेन्सिल

मला ‘आडनाव म्हणजे रक्त’ हे कधीच मान्य नव्हतं. ते घराचं असतं. म्हणूनच म्हणतो, त्या घरात जसं म्हणतात तसं लिहा.

मुळाक्षर

एक राहिलंच. याच आडनावाचे जॉर्ज विल्यम म्हणून एक जण अमेरिकेत गेले, तिथे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ झाले. पुढे ब्रिटनच्या वतीने फ्रान्समध्ये ल आव्र बंदरात वाणिज्यदूत होते. १८४८ च्या क्रांतीत राजा लुई फिलिप पळाला तेव्हा त्याला बोटीवर चढवलं यांनीच, आणि वेषांतरात नाव दिलं ‘मिस्टर स्मिथ’. इंग्लंडमधलं सगळ्यात सामान्य आडनाव! आपलं आडनाव दिलं असतं तर पहारेकऱ्याला लिहून घेतानाच संशय आला असता.

उंबरठा

मधेच बोलते. वर एल्फिन्स्टनचा उल्लेख झाला. ‘स्टन’ म्हणजे दगडच ना तिथेही?

मुळाक्षर

नाही. मागच्या नावाचा षष्ठीचा ‘स’ आणि पुढे ‘टून’. एल्फिन अशा काही नावाच्या माणसाची वाडी. एडिंबरोच्या पूर्वेला ट्रॅनंटजवळ ते गाव आहे. ‘टून’ मुळात कुंपण. जर्मनमध्ये ‘त्साउन’ म्हणजे आजही कुंपणच. कुंपणातली वस्ती, मग गाव. आपल्या ‘वाडी’चंही तेच झालंय, वाड म्हणजे कुंपण, त्यातून वाडा, वाडी. त्यामुळे मी तर एल्फिन्स्टनला सरळ ‘एल्फिनवाडीकर’ म्हणेन, आणि ताईंच्या माणसाला ‘चौथडीकर’.

पाटीपेन्सिल

आडनावांचं भाषांतर करायचं नसतं. उद्या कोणी आपल्या पाटलांचं करेल.

गावठाण

करू नये हे ठीक, पण तळटीपेत ‘चौथडीकर’ दिलं तर वाचकाला आख्खं आडनाव एका क्षणात कळेल. मी तरी त्यासाठी आग्रह धरेन.

शाईदौत

मला आता असं वाटतंय की पहिल्यांदा आलं तिथे ‘फेदरस्टनहॉ, उच्चारी फॅन्शॉ’ असं द्यावं, पुढे सगळीकडे फेदरस्टनहॉ, आणि फॅन्शॉ फक्त सर रिचर्ड यांना ठेवावं.

पाटीपेन्सिल

म्हणजे ज्याला स्वतःचा उच्चार आहे त्याचा उच्चार काढून घेऊन दुसऱ्याला दिलात. मला हे अन्यायाचं वाटतं.

पैलतीर

पाटीपेन्सिलदादा, मला ‘वॅग’ म्हटलं तेव्हा मलाही अन्यायच वाटला होता. पण आज वाटतं, निदान लिहिलेलं बरोबर होतं म्हणून माझी फाइल सापडली. दोन्हीचं वजन आहे हो.

उंबरठा

मला वेगळंच विचारायचंय. ‘थडी’ शब्द कुणाच्या बोलण्यात अजून आहे का? मला भीमथडी, गंगथडी एवढंच माहीत, तेही पुस्तकातून.

गावठाण

आमच्याकडे कृष्णेकाठी थडी म्हणत नाहीत, ‘मळी’ म्हणतात. मळीचं रान. पूर येतो, ओसरतो, बोटभर गाळ बसतो. आई त्यात वांगी लावायची. पहिल्या वर्षी खत लागायचं नाही.

कागदपत्री

महसुलाच्या कागदात ‘मळई’ असतं. मळी आणि मळई एकच की वेगळं? माझ्या आजोबांच्या एका फेरफारात दोन्ही शब्द एकाच पानावर आहेत, आणि दोन्ही ठिकाणी क्षेत्र वेगळं आहे.

गावठाण

ते पान टाका इथे. आमच्याकडे मळी म्हणजे खाजगी, सातबारावरची. मळई म्हणजे नदीने नवीन टाकलेली, सरकारची. निदान वडील तसं सांगायचे, आणि त्यावरून भांडणंही झालीत.