गरम झाली की टू-स्ट्रोक किक घेतच नाही

राजेहो, जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल ट्रायल्ससाठी, म्हणजे दगडधोंड्यांवरून तोल सांभाळत चालवायच्या स्पर्धेसाठी, बांधली आहे. सकाळी एका किकमध्ये चालू. कन्हान नदीच्या दगडांवर पहिल्या गिअरमध्ये खेळून बंद केली, की मग किक मारून पिंडरीचा भुगा! सावलीत गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. कार्बोरेटर साफ, प्लग नवा. वरून नवतपा, मे अखेरचं रणरणतं ऊन. काय पाहू?

— भाऊ, अडली की तिथंच प्लग काढून पाहा. ओलाचिंब निघाला तर आधी फ्लोटची सुई पाहा, कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवते ती. ट्रायल्समध्ये गाडी आडवी पडतेच, पेट्रोल आत जातं. पेट्रोलचा कॉक बंद, चोक ऑफ, थ्रॉटल पूर्ण उघडून किक मार. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोचून नाही राहिलं.

— ओला आहे, पण इंजिनाला टेकवून किक मारली तर ठिणगीच नाही.

— मग मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाची, कॉइल! आतली तार तडकली असेल तर गरम झाल्यावर जोड सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा लागतो. मल्टिमीटरनं रोध थंड असताना मोज, अडल्यावर लगेच मोज. तांब्याचा रोध अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढणारच, म्हणजे ५० अंशांनी तापली तर पाचवा हिस्सा. त्याहून मोठी उडी दिसली तर कॉइल गेली. नवी महाग वाटली तर रिवाइंड कर, म्हणजे नवी तार गुंडाळून घे, पण चांगल्या इनॅमलची (वरच्या लेपाची) तार मागून घे.

— अन् मॅग्नेटो खोललाच आहे तर मागं तेलकट ओल आहे का पाहून घे. असली तर क्रँकचं सीलही (इंजिनाच्या दांड्याभोवतीची रबरी कडी) बदल, पुन्हा कोण खोलते बे!