शिवराया चिंचेने घासू नका

आजोबांच्या डब्यातल्या तांब्याच्या शिवराया (शिवाजी महाराजांनी सुरू केलेली नाणी) लिलावात देऊ का आणि आधी चिंचेने चकचकीत करू का, असं एकाने विचारलंय. घासू अजिबात नका! हिरवट-काळपट थर हाच जुनेपणाचा पुरावा. चकाकणारं नाणं पाहून जाणकार ग्राहक हात आखडता घेतो. फार तर साध्या पाण्याने धुवून मऊ फडक्याने टिपा.

आता किमतीचं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ही अक्षरं ठसठशीत, पूर्ण आणि मध्यावर उमटलेली असतील तर भाव येतो. बहुतेक शिवरायांवर ठसा सरकलेला असतो, निम्मी अक्षरं काठाबाहेर. शिवाय दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई पेशवाई बुडाल्यावरही पाडली जात होती, म्हणजे प्रत्येक शिवराई काही महाराजांच्या काळातली नव्हे. सोन्याचा होन मात्र निघाला तर गोष्टच वेगळी (डबा नीट उपसून बघा).

लिलावात हातोडा पडतो (म्हणजे शेवटची बोली पक्की होते) त्या रकमेवर खरेदीदाराला वेगळं कमिशन आणि कर भरावा लागतो. विकणाऱ्याचंही कमिशन कापलं जातं. ते आणि राखीव किंमत (जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती) आधी लेखी ठरवून घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी ग्राहकाला परस्पर पाठवायचं नाही, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

आणि ‘नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणी फी भरा’ म्हणणारे सरळ ब्लॉक करा. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही असल्या भामट्यांबद्दल सावध केलं होतं.