शब्दचर्चा : संगणक शिकवताना ‘टाकणे’, ‘काढणे’ आणि ‘बंद करणे’

प्रश्न :

आजवर फक्त मोबाइल वापरलेल्या काही वडीलधाऱ्यांना मी डेस्कटॉप संगणकाची तोंडओळख करून देते आहे. त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले. ऑपरेटिंग सिस्टिमला कार्यप्रणाली म्हणावं, संचालन प्रणाली म्हणावं की परिचालन प्रणाली? तिन्ही शब्द वाचनात येतात. फाइलला संचिका की धारिका? फोल्डर, आयकॉन, विंडो, डेस्कटॉप यांचं काय करायचं? आधी नावं पक्की करावीत आणि मग पुढे जावं, असा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावं.

प्रतिसाद :

नावांवर फार वेळ घालवू नका. ‘संचालन प्रणाली’ मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण ‘कार्यप्रणाली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कामाची पद्धत आठवते. पण वर्गात सरळ ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणा आणि अर्थ एकदा नीट सांगा: यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्या मधे बसून सगळ्यांना वाटणी करून देणारा मूळ प्रोग्रॅम. प्रोसेसर कोणाला किती वेळ मिळेल, रॅममधली, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीतली, कुठली जागा कोणाची, डिस्कवर काय कुठे लिहायचं, आत्ता दाबलेली कळ कोणत्या प्रोग्रॅमकडे पोचवायची, हे सगळं ती ठरवते. विंडोज, मॅकओएस, लिनक्स ही तिची उदाहरणं. हे एकदा समजलं की नाव कुठलंही चालतं.

फाइल आणि फोल्डर तर आता आपलेच शब्द आहेत. फाइलीत, फायली, फोल्डरमधून अशी रूपं आपण विचार न करता करतो. विभक्तीचे प्रत्यय घेऊन बसलेल्या शब्दाला घराबाहेर काढून ‘धारिका’ आणण्यात शिकणाऱ्याचा काही फायदा नाही. शिवाय समोरच्या पडद्यावर ‘फाइल’ लिहिलेलं असेल आणि टिपणात ‘संचिका’, तर त्याला एकाच वस्तूची दोन नावं पाठ करावी लागतील. ‘डेस्कटॉप’चं मूळ सांगायला हरकत नाही. टेबलावर कागद, फायली, ट्रे मांडलेले असतात तशीच मांडणी पडद्यावर करण्याची कल्पना झेरॉक्सच्या १९८१ च्या स्टार या संगणकाने बाजारात आणली आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ती सर्वांपर्यंत नेली. पण त्याहून महत्त्वाचं हे, की डेस्कटॉप हाही एक फोल्डरच असतो. तिथे ठेवलेल्या फायली डिस्कवर इतर फायलींसारखीच जागा घेतात.

माझा मुद्दा वेगळाच आहे. नवशिका माणूस नामांवर अडत नाही, तो क्रियापदांवर अडतो. संगणकाशी बोलायची आपली रोजची क्रियापदं मोजकी आहेत आणि त्यातलं प्रत्येक चार-पाच कामांना वापरलं जातं. ‘टाकणे’ बघा. पासवर्ड टाक, म्हणजे टाइप कर. सॉफ्टवेअर टाक, म्हणजे इन्स्टॉल कर. फोटो पेनड्राइव्हमध्ये टाक, म्हणजे प्रत करून दे. ती फाइल टाकून दे, म्हणजे डिलीट कर. तुम्हा-आम्हाला संदर्भावरून कळतं, कारण ती कामं आपल्याला आधीच माहीत असतात. ज्याला ती माहीत नाहीत, त्याने संदर्भ कुठून आणायचा?

‘काढणे’ त्याहून अवघड. ‘कालची फाइल काढ’ म्हणजे शोधून उघड. ‘कालची फाइल काढून टाक’ म्हणजे नेमकं उलट. प्रिंट काढ, म्हणजे नवी वस्तू तयार कर. पेनड्राइव्ह काढ, म्हणजे आधी इजेक्ट कर (संगणकाला तो सोडायला सांग) आणि मग ओढून घे. हा मधला टप्पा ‘काढ’ या शब्दात कुठेच नाही, आणि फाइलीचा काही भाग लिहायचा बाकी असताना पेनड्राइव्ह उपसला तर ती फाइल खराब होऊ शकते. आणि ‘तो प्रोग्रॅम काढून टाक’ म्हटल्यावर शिकणारा काय करतो? डेस्कटॉपवरचं चित्र निवडून डिलीट दाबतो. त्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो नुसता शॉर्टकट असतो. शॉर्टकट जातो, प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो.

म्हणून टिपणात नामं हवी ती वापरा, पण एका कामाला एकच क्रियापद ठेवा आणि ते शेवटपर्यंत बदलू नका.

आणखी एक प्रतिसाद :

वरच्या मताशी सहमत, पण मग क्रियापदं कुठली घ्यायची? इंग्रजी धातूला ‘करणे’ लावून सेव्ह करणे, कॉपी करणे, डिलीट करणे असं म्हटलं की एका कामाला एक शब्द आपोआपच होतो. मात्र आपल्याकडे चांगले पर्याय आहेत तिथे ते वापरावेत, असं मला मनापासून वाटतं. क्लिकसाठी ‘टिचकी मारणे’ किती नेमकं आहे. आवाज, बोटाची हालचाल, हलकेपणा, सगळं त्यात आलं. बोलण्यातलं सरसकट ‘मारणे’ मात्र टाळावं. एंटर मार, रिफ्रेश मार, फॉरमॅट मार, हे एकाच सुरात ऐकलेल्या माणसाला फॉरमॅट ही डिस्कवरचं सगळं पुसणारी गोष्ट आहे याची कल्पनाच येत नाही.

कळांसाठी ‘दाबणे’ आणि ‘दाबून धरणे’ हा फरक मराठीत तयारच आहे, तो जरूर वापरा. सेव्ह करण्यासाठी ‘कंट्रोल एस दाबा’ असं लिहिलं की काही जण आधी कंट्रोल दाबून सोडतात, मग एस दाबतात, आणि मजकुरात एक एस उमटतो. ‘कंट्रोल दाबून धरा, एस एकदा दाबा, मग दोन्ही सोडा’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

प्रश्नकर्ती :

दोन्ही प्रतिसाद उपयोगी आहेत, आभार. कट, कॉपी, पेस्ट यांना ‘कापणे’ आणि ‘चिकटवणे’ असे शब्द लिहिले आहेत, ते ठेवू का? आणि ‘बंद करणे’चं काय करू? वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ त्याच शब्दाने होतो आहे. संगणक बंद करा म्हटलं की कोणी विंडो बंद करतं, कोणी मॉनिटरचं बटण दाबतं.

पहिले प्रतिसादक :

मजकुरासाठी कापणे-चिकटवणे अगदी बरोबर. शब्द आले तेच मुळी कागदावरून. कात्रीने परिच्छेद कापून दुसरीकडे डिंकाने चिकटवायची संपादनाची जुनी रीत होती, आणि १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ती पडद्यावर आणली. मजकूर कट केला की तो लगेच नाहीसा होतो आणि क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठवणीत, थांबतो. विंडोजमध्ये फाइल कट केली तर ती नुसती फिकट दिसते. पेस्ट करेपर्यंत ती मूळ जागीच असते आणि पेस्ट केलंच नाही तर काहीही होत नाही. म्हणून फायलींसाठी ‘हलवणे’ आणि ‘प्रत करणे’ हे दोनच शब्द ठेवा. त्यांचा उपयोग लगेच दिसेल. फाइल माउसने ओढून दुसऱ्या फोल्डरवर सोडली, की फोल्डर त्याच ड्राइव्हवर असेल तर विंडोज ती हलवतं, आणि पेनड्राइव्हसारख्या दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर प्रत करतं. हाताची हालचाल तीच, परिणाम दोन. ‘ओढून टाका’ असं लिहिलंत तर हा फरक सांगायला शब्दच उरणार नाही.

‘बंद करणे’ मात्र मुळातूनच फोडायला हवं. विंडोसाठी ‘मिटणे’ सुचतं खरं, पण ‘मिटवणे’ म्हणजे पुसणे, तेव्हा तो शब्द नको. ‘लावणे’चा तर विचारही नको. दार लावलं की बंद होतं आणि दिवा लावला की चालू. मी असं करतो: विंडो ‘बंद करायची’, नुसती बाजूला सारायची असेल तर ‘खाली ठेवायची’, म्हणजे मिनिमाइझ. खाली ठेवलेला प्रोग्रॅम चालूच असतो, त्यातलं काम तसंच राहतं आणि खालच्या पट्टीवर टिचकी मारली की विंडो परत वर येते. संगणकासाठी ‘बंद’ शब्द वापरायचाच नाही. तिथे पडद्यावर असतात तेच शब्द: स्लीप, शट डाउन, रिस्टार्ट. स्लीपमध्ये सगळं काम रॅममध्ये राहतं आणि ते टिकवण्यापुरती वीज लागत राहते. म्हणून वीज गेली तर सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं.

शट डाउन आणि रिस्टार्ट हे तर खास समजावून सांगा. ‘बंद करून परत चालू करून बघ’ हा सल्ला आपण उठसूट देतो, पण २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजच्या गाभ्याची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्यामुळे गाभ्यात काही बिनसलं असेल तर ते तसंच परत येऊ शकतं. रिस्टार्टमध्ये गाभाही नव्याने सुरू होतो. बंद करून चालू करणं आणि रिस्टार्ट ही बोलण्यात एकच गोष्ट आहे, यंत्राच्या लेखी दोन.

आणखी एक प्रतिसाद :

एक निरीक्षण जोडतो. मराठी वाक्यात कर्म आधी येतं आणि क्रियापद शेवटी: फाइल उघड, ओळ पूस, फोटो पाठव. माउसने काम करायची रीतही अशीच आहे. आधी वस्तू निवडायची, मग तिचं काय करायचं ते सांगायचं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या डॉसमध्ये उलटं होतं, आधी कॉपी किंवा डेल आणि मग फाइलीचं नाव. तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा की आपण बोलतो त्याच क्रमाने करायचं. पुष्कळदा अडचण एवढीच असते, की काहीच निवडलेलं नसतं आणि माणूस कॉपीची आज्ञा शोधत बसतो. ‘काय?’ हे आधी बोटाने दाखवा, ‘काय करू?’ ते नंतर सांगा.

प्रश्नकर्ती :

हे फारच छान, पहिल्या पानावर हेच घालते. आता शेवटची अडचण. विंडो बंद करताना विचारतात ना, ‘बदल जतन करायचे आहेत का?’ त्याखाली तीन बटणं: जतन करा, जतन करू नका, रद्द करा. इथे सगळे अडखळतात. बदल नको असतात म्हणून ‘रद्द करा’वर टिचकी मारतात, प्रश्न नाहीसा होतो आणि विंडो तशीच उघडी राहते. मग परत बंद करायला जातात, परत तोच प्रश्न.

पहिले प्रतिसादक :

त्यांची चूक नाही, वाक्यच अर्धवट आहे. ‘रद्द’ काय करायचं? मराठीत रद्द करणे सकर्मक आहे, कर्म नाही म्हटल्यावर वाचणारा सगळ्यात जवळचं नाम उचलतो, आणि वरच्या ओळीतलं नाम आहे ‘बदल’. बटणाला मात्र म्हणायचं असतं की बंद करण्याची कृती रद्द. टिपणात तिथे बटणाचं नाव तसंच ठेवा, पण शेजारी अर्थ लिहा: ‘बंद करायचं राहू दे, मला परत कामात जायचंय’. ‘जतन करू नका’ समोर लिहा: ‘शेवटचं सेव्ह केल्यानंतरचे बदल जातील’. त्यातला ‘शेवटचं सेव्ह केल्यानंतरचे’ हा भाग गाळू नका. नाहीतर अख्खी फाइलच जाईल या भीतीने लोक नको असलेले बदलही जतन करत राहतात.

‘म्हणून जतन करा’ हे सेव्ह अॅजचं भाषांतरही असंच लोंबकळणारं आहे. ‘नव्या नावाने ठेवा’ लिहा. मूळ फाइल शेवटच्या सेव्हच्या वेळी होती तशीच राहते आणि नवी वेगळी तयार होते, हे ‘नव्या’ या एका शब्दाने कळतं.

आणखी एक प्रतिसाद :

‘फाइल उडाली’ हा वाक्प्रयोगही हाताळा, कारण तुम्हाला तो ऐकायला मिळणारच. उडाली म्हणजे आपोआप गेली, कर्ता नाही. असं कोणी म्हणालं की आधी विचारा: सेव्ह न करता विंडो बंद झाली, भलत्याच फोल्डरमध्ये हलवली गेली, की डिलीट झाली? पहिल्या प्रकारात, फाइल एकदाही सेव्ह केलेली नसेल तर, ती डिस्कवर आलेलीच नसते, फार तर प्रोग्रॅमने आपणहून काही राखून ठेवलं असेल. दुसऱ्या प्रकारात नावाने शोधली की सापडते. लगेच लक्षात आलं असेल तर कंट्रोल दाबून धरून झेड दाबलं की हलवणं उलटवता येतं. तिसऱ्या प्रकारात आधी रीसायकल बिन, म्हणजे डिलीट केलेल्या फायली जिथे जाऊन पडतात ती जागा, बघायचं. फक्त शिफ्ट दाबून धरून डिलीट केलेली फाइल तिथे जात नाही, आणि पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलीही विंडोजमध्ये सहसा जात नाही. अशा फाइलीची नोंद गेलेली असते, पण पेनड्राइव्हवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर बरेचदा शिल्लक असतो. म्हणून त्या पेनड्राइव्हवर पुढे काहीही ठेवायचं नाही आणि फाइल परत मिळवून देणारा प्रोग्रॅमही त्यावर इन्स्टॉल करायचा नाही. टिपणात यासाठी ‘डिलीट करणे’ आणि ‘कायमचं डिलीट करणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवा. कायमचं डिलीट करताना विंडोजही ‘कायमची’ असं म्हणूनच विचारतं, तेव्हा तो शब्द दिसला की टिचकी मारण्याआधी फाइलीचं नाव एकदा वाचायचं, एवढं तुमच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्या.