दार-ए-सलाम : चिनी मालक, टांझानियन कामगार आणि मध्ये मी

सांगलीकर: चार वर्षं इथल्या एका प्लास्टिक कारखान्यात प्रॉडक्शन बघतोय. गेल्या महिन्यात मोल्डिंगवरच्या एका ऑपरेटरचे मामा वारले. अख्खी पाळी दफनाला निघाली. मालक म्हणाले, सुट्टी फक्त सख्ख्या नात्याला, बाकीच्यांचा पगार कापा. कापला. तेव्हापासून कुणी मशीनचा बिघाडसुद्धा आपणहून सांगत नाही. काय करू?

नैरोबीचा अकाउंटंट: दादा, पगार कापलात तिथेच चुकलं. पूर्व आफ्रिकेत मयताला न जाणं म्हणजे माणसाशी नातं तोडणं. आमच्याकडे पाळीतले दोघं जातात, सोबत सगळ्यांच्या वर्गणीचं आणि कंपनीचं पाकीट. लाइन बंद पडत नाही. आधी कापलेले पैसे परत करा.

चिंगदावहून: मालकांनाही समजून घ्या. चीनमध्ये इथल्या हायर या फ्रिज बनवणाऱ्या कंपनीत 1985 साली तेव्हाचे प्रमुख झांग रुईमिन यांनी 76 सदोष फ्रिज कामगारांकडूनच घणाने फोडून घेतले होते. त्या शिस्तीवर ही पिढी वाढली. पण चिनी धंदा नुसत्या नियमांवर चालत नाही, ‘ग्वानशी’वर, म्हणजे जपलेल्या नात्यांवर चालतो. मालकांना त्याच भाषेत सांगा : हे पाकीट म्हणजे कामगारांशी ग्वानशी. आणि ‘आफ्रिकन पद्धत’ एकच नाही हो. नायजेरियातले इग्बो व्यापारी शिकाऊ पोराला काही वर्षं राबवून घेतात, मग स्वतःचं दुकान थाटायला भांडवल देतात. कडक शिस्त तिथेही आहेच.

सांगलीकर: ग्वानशीचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी मालकांशी बोलतो. पैसे परत करण्यापासूनच सुरुवात करीन.