पेठेतला पडीक वाडा: लोकांसाठी वापरावा की पाडून सभागृह बांधावं?

कसबेकर
पाडू नये. विश्रामबागवाडा 1807 चा, आणि 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरूही झाली. वाड्याचा वापर बदलणं पुण्याला नवं नाही. खाली पाळणाघर आणि ज्येष्ठांचा कट्टा, वर वाचनालय. ओसरीवरून सगळा चौक नजरेत राहतो, ही सोय नव्या सभागृहात मिळत नाही.

तुळई_तपासा
वाचनालय वर? घराच्या मजल्याला मानकानुसार चौरस मीटरमागे 200 किलो भार धरतात. पुस्तकांच्या कपाटांना त्याच्या कितीतरी पट, आणि सुट्या खुर्च्यांच्या सभेला 500. शिवाय तुळई मधे ठणठणीत दिसते, कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक. हातोडीने ठोकून बद्द आवाज आला तर गिलावा फोडून टोक उघडं करा, मग बोला.

कसबेकर
कपाटं खाली आणू, मान्य. पण कडीपाटावरची (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या छतावरची) 15 सेंमी मातीची भर काढली की चौरस मीटरला सुमारे 250 किलो ओझं तिथेच उतरतं. कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या.

तुळई_तपासा
ती भर आवाज आणि आग दोन्ही अडवते. काढलीत तर वरची पावलं पाळणाघरात धडधडणार, मग खालून जिप्सम बोर्ड ठोकून कडीपाटच झाकणार. आणि लाकडी जिना एकच, तोही अरुंद. गर्दी वर नेऊच नका.

उतारवाला
अहो, आधी लोक आत तर येऊ देत! जोतं, म्हणजे वाड्याचा चौथरा, 60 सेंमी उंच असेल तर 1:12 उताराला (1 उंचीला 12 लांबी) 7.2 मीटर लांबी लागते, वळणावर दीड मीटरचा सपाट टप्पा वेगळा. बोळातल्या मागच्या दाराने व्हीलचेअर आत घेणं म्हणजे पाहुण्याला मोरीतून आणणं. मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा नको, मोठी कवाडं दिवसभर उघडी ठेवा. उंबरठा पाच सेंमीचा असला तरी दोन्हीकडे 60 सेंमीचे उतरते लाकडी तुकडे हवेत. स्वच्छतागृहात व्हीलचेअर फिरायला दीड मीटरचं वर्तुळ. त्यासाठी जुनी भिंत फोडू नका, मागे नंतर जोडलेली पत्र्याची शेड असते तिथे बांधा.

तुळई_तपासा
उतार पटला. फक्त तो जोत्याला चिकटवून सिमेंटात ओतू नका, ओल कोंडून भिंतीत चढते. चार बोटं फट सोडा, पाणी चौकाच्या मोरीकडे काढा.

कसबेकर
आणि भिंतींना चुन्याचाच गिलावा. पावसाळ्यात लावायचा नाही, वाळत नाही.